‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांची गोष्ट

१९८९ साली ‘न्यूरॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात लिसा डीअँजेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा मराठी आशय असा : मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींतून बऱ्या झालेल्या रुग्णांमध्ये किरणोपचारांमुळे आलेला स्मृतिभ्रंश. लेखात बारा रुग्ण आहेत. बाराही जणांच्या संपूर्ण मेंदूला किरण दिले गेले होते, गाठी पुन्हा आल्या नव्हत्या, आणि पुढच्या पाच महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या काळात ही माणसे हळूहळू विसरू लागली, अडखळत चालू लागली, लघवीवरचा ताबा गमावू लागली.

मी साहित्याची समीक्षक. वैद्यकीय लेख वाचण्याचे शिक्षण मला नाही. पण शीर्षके वाचण्याचे आहे, आणि या शीर्षकातला ‘बऱ्या झालेल्या’ हा शब्द मला गेली काही वर्षे सोडत नाही. लेखकांनी तो उपरोधाने वापरलेला नाही. गाठ नाही म्हणजे रुग्ण बरा, हा त्यांच्या शास्त्राचा सरळ अर्थ आहे. आणि त्याच ओळीत ‘स्मृतिभ्रंश’ आहे. (हा आपला मराठी शब्दही अपुराच. त्यात फक्त स्मृती आहे. चालणे, लक्ष, पुढाकार, कंटाळा येण्याची क्षमतासुद्धा जाते, ते या शब्दात कुठेच नाही.) पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर जे महत्त्वाचे लिहिले गेले, त्यातले बरेचसे या एका शीर्षकातली विसंगती सोडवण्याचा प्रयत्न आहे असे मला वाटते. ते लेखन कसे आहे, काय पाहते आणि काय त्याच्या नजरेतून निसटते, हे मला तपासायचे आहे.

माझा यात काय संबंध, हे आधी सांगून टाकते. माझा मोठा भाऊ मुद्रितशोधक. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांची यादी केली तर या अंकाच्या वाचकांच्या कपाटातली दहा-वीस तरी निघतील. २००८ मध्ये त्याला झोपेत फिट आली. उजव्या बाजूला, कपाळामागे, सावकाश वाढणारी गाठ निघाली. शस्त्रक्रियेत ती अर्धीमुर्धी काढली आणि २००९ मध्ये ५४ ग्रे किरण ३० हप्त्यांत दिले. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळायचा आणि हलायचे नाही. तो त्याला ‘शेक घ्यायला जातो’ म्हणे. तेव्हा आम्हाला केस जातील, थकवा येईल, मळमळेल असे सांगितले गेले. संमतिपत्रावर, इंग्रजीत, अनेक ओळींपैकी एका ओळीत ‘आकलनशक्तीवर परिणाम’ असेही होते. दादाने त्या पानावर सही करण्याआधी स्पेलिंगची एक चूक दाखवली होती.

गाठ तिथेच आहे, वाढलेली नाही. दरवर्षीचा एमआरआय चांगला येतो. डॉक्टर खूश असतात, आणि ते खोटे नसते.

आता लेखनाकडे वळते. या विषयातला पहिला आधारभूत ग्रंथ म्हणावा अशी एक जोडी आहे. दोन्ही लेख ॲमस्टरडॅमच्या गटाचे. पहिला २००२ चा, ‘लॅन्सेट’मधला, मार्टिन क्लाइन यांचा. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाचे १९५ रुग्ण, निदानानंतर सरासरी सहा वर्षांनी तपासलेले. तुलनेला १९५ निरोगी माणसे आणि रक्ताच्या मंदगती कर्करोगाचे १०० रुग्ण. हा शेवटचा गट घेण्यामागची दृष्टी मला फार आवडते : कर्करोग झाला आहे या जाणिवेनेच माणूस विसराळू होतो का, हेही तपासले पाहिजे, असे त्यांना सुचले. निष्कर्ष असा की आकलनाचे बहुतेक नुकसान गाठीनेच होते. फिटच्या औषधांनी लक्षावर परिणाम होतो. किरणोपचारांचा दोष स्मरणशक्तीपुरता, आणि तोही एका वेळचा हप्ता २ ग्रेपेक्षा मोठा असेल तेव्हाच.

दादाचा हप्ता १.८ ग्रेचा होता. हा लेख मला २०१३ च्या सुमारास एका परिचिताने पाठवला तेव्हा मी तो वहिनीला वाचून दाखवला. आम्ही दोघी निर्धास्त झालो.

दुसरा लेख २००९ चा, ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मधला. पहिले नाव लिंडा डाउ यांचे, आणि लेखकांत क्लाइनही आहेत. त्याच रुग्णांपैकी जे हयात होते आणि ज्यांची गाठ वाढली नव्हती अशा ६५ जणांना, निदानानंतर सरासरी बारा वर्षांनी, पुन्हा तपासले. किरण न घेतलेल्यांची स्थिती टिकून होती. किरण घेतलेल्यांचे लक्ष खालावले होते, आणि हप्ता लहान होता की मोठा याने त्यात फरक पडत नव्हता. तपासलेल्या १८ निकषांपैकी किमान पाचांवर कमी पडणाऱ्यांचे प्रमाण किरण घेतलेल्यांत ५३ टक्के, न घेतलेल्यांत २७ टक्के. मेंदूच्या प्रतिमांत पांढऱ्या द्रव्यातले बदलही दिसत होते.

म्हणजे सात वर्षांनी त्याच माणसांनी, त्याच रुग्णांना परत बोलावून, स्वतःच्या पहिल्या लेखातला दिलाशाचा भाग मागे घेतला. मराठी समीक्षेत असे किती वेळा घडते हे वाचकांनी आठवून पाहावे. मला तरी फार थोडी उदाहरणे आठवतात. पण कौतुक झाल्यावर प्रश्नही विचारला पाहिजे. किरण कोणाला द्यायचे हे इथे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्यांची गाठ अधिक काळजीची, त्यांना किरण मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे ५३ आणि २७ यांच्यातले अंतर सगळे किरणांच्या माथी मारता येत नाही. लेखकांना हे ठाऊक आहे. वाचणारा मात्र आकडा घेऊन जातो आणि अट मागे ठेवतो. मीही तेच केले होते, आधी दिलाशासाठी आणि मग रागासाठी.

चिठ्ठ्या टाकून केलेला युरोपीय प्रयोगही आहे. त्याचे अंतिम निकाल २००५ मध्ये आले. अशाच गाठींसाठी शस्त्रक्रियेनंतर लगेच ५४ ग्रे द्यायचे, की गाठ वाढेपर्यंत थांबायचे? लगेच दिलेल्यांची गाठ ५.३ वर्षे आटोक्यात राहिली, थांबलेल्यांची ३.४ वर्षे. आयुष्य मात्र जवळजवळ सारखेच : ७.४ आणि ७.२ वर्षे. लगेच किरण घेतलेल्यांच्या फिट्स वर्षभरानंतर अधिक काबूत होत्या, ही बाजूही लपवायला नको. ज्याच्या घरात रात्री-अपरात्री फिट येते त्याला तिचे वजन कळते. आता या निकालानंतर कोणीही विचारील की दोन गटांतली माणसे त्या सात वर्षांत कशी जगली? वाचत होती का, हिशेब करत होती का, चिडत होती का? ते या प्रयोगात मोजलेलेच नाही. लेखकांनी तसे स्वच्छ लिहिले आहे. मोठ्या कादंबरीतून मुख्य पात्रच गाळावे तसे हे आहे, आणि तरीही या विषयातले सर्वांत महत्त्वाचे पान हेच.

गाठी दूरच्या अवयवातून मेंदूत पसरलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आयुष्य महिन्यांत मोजतात आणि परिणामही लवकर दिसतात. एरिक चांग यांचा २००९ चा अभ्यास ५८ रुग्णांवरच थांबवावा लागला, कारण केवळ गाठींवर नेमके किरण सोडलेल्यांच्या तुलनेत, त्याशिवाय संपूर्ण मेंदूलाही किरण दिलेल्यांची शब्द शिकण्याची क्षमता चार महिन्यांतच घसरत होती. घसरण होण्याची संभाव्यता २४ टक्क्यांविरुद्ध ५२. पॉल ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात २१३ रुग्ण होते. तीन महिन्यांनी आकलन खालावलेले नेमक्या किरणांच्या गटात ६३.५ टक्के, संपूर्ण मेंदूच्या गटात ९१.७ टक्के. बातम्या दुसऱ्या आकड्याच्या होतात. मला पहिल्यापाशी थांबावेसे वाटते. सौम्य वाटेने गेलेल्यांतही दर तिघांमागे जवळपास दोघे खालावले. आजार स्वतः किती घेऊन जातो, हे त्या आकड्यात आहे. शिवाय ‘खालावणे’ याची व्याख्या इथे बरीच सैल आहे : अनेक चाचण्यांपैकी एकीत ठरावीक अंतराने खाली आले की खालावला.

या चाचण्यांतली जी सर्वांत जास्त वापरली जाते तिच्यात बारा शब्द असतात. तीन प्रकारचे, प्रत्येकी चार. ते वाचून दाखवतात, रुग्णाने आठवतील तेवढे म्हणायचे. असे तीनदा. वीस-पंचवीस मिनिटे दुसरे काहीतरी करायचे आणि मग न ऐकता पुन्हा म्हणायचे. गेल्या दोन दशकांत डोक्याच्या किरणोपचारांविषयी जे निर्णय बदलले, त्यांतले अनेक या बारा शब्दांवर उभे आहेत. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग नव्या आठवणी घडवतो. मिशेल मॉन्जे यांच्या २००२ च्या उंदरांवरील कामाने दाखवले की किरणांनंतर तिथे नवे चेतापेशी तयार होणे जवळपास थांबते आणि भोवती दाह पेटतो. त्यावरून तो भाग किरणांतून वाचवण्याची कल्पना पुढे आली. २०२० मध्ये ५१८ रुग्णांच्या चिठ्ठी-प्रयोगात ती टिकली : हिप्पोकॅम्पस वगळून किरण आणि सोबत मेमँटिन हे औषध दिले, तर आकलन ढासळण्याचा धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतो.

त्याआधी मेमँटिनचा स्वतंत्र प्रयोग झाला होता. ५०८ रुग्ण घेतले आणि चोवीस आठवड्यांनी मोजता आले ते १४९. बाकीचे कुठे गेले? काही वारले, काही चाचणीला बसण्याच्या स्थितीत नव्हते, काही आलेच नाहीत. औषधाचा मुख्य निकाल मान्य रेषेच्या किंचित बाहेर पडला, आणि माणसे कमी उरल्याने असे झाले असावे असे लेखकच म्हणतात. माझा आक्षेप संख्याशास्त्राचा नाही. या प्रकारच्या लेखनात ज्याचे सर्वाधिक गेले आहे तोच पानावर नसतो, हे रचनेतच आहे. विसरलेला माणूस विसरलेल्याची चाचणी द्यायला येण्याचे विसरतो.

आणि जो येतो, त्याच्यापुढे भाषेचा प्रश्न उभा राहतो. दादाची पहिली चाचणी एका मानसतज्ज्ञ बाईंनी घेतली, फार आपुलकीने. तीस गुणांपैकी २९. शंभरातून सात-सात वजा करत तो सरळ खाली उतरला. मग एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगायचे होते. दादाने विचारले, ‘‘नुसता क, की काना-वेलांटी धरून?’’ बाई हसल्या. पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. ही चाचणी रोमन अक्षरांसाठी घडलेली. आपल्याकडे ‘कमळ’, ‘किल्ला’ आणि ‘क्रम’ एकाच अक्षराने सुरू होतात की तीन वेगळ्या, हे ज्याने त्याने ठरवायचे. एक आकडा, एक अक्षर अशी आलटून-पालटून रेघ जोडण्याची चाचणी घ्या. इंग्रजी शाळेत गेलेल्याला ए-बी-सी-डीचा क्रम श्वासासारखा येतो. आपल्यातल्या चांगल्या शिकलेल्या माणसाला ‘ट’नंतर ‘ठ’ म्हणताना क्षणभर वर्गात जाऊन यावे लागते, आणि ‘ङ’, ‘ञ’पाशी तर सगळेच अडतात. चाचणी वेळेवर चालते, त्यामुळे तो क्षण रोगाच्या खात्यावर जमा होतो. यावर अक्षरांऐवजी रंग वापरणारी चाचणी आहे, हे खरे.

हे काम आपल्याकडे कोणी केलेच नाही असे नव्हे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिचाचणीचे मराठी आणि कन्नड रूप तयार केले, आणि १९४० मध्ये त्यावरचे पुस्तक काढले. १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी झाली. तिच्यात लिहिण्यावाचण्याच्या जागी दुसरे काय ठेवायचे याचा कस लावून विचार केलेला दिसतो. पण ही कामे मुलांची किंवा म्हाताऱ्यांची. पंचेचाळिशीतला माणूस, ज्याची भाषा त्याचे पोट भरते, त्याच्या भाषेत काय उणे झाले हे पकडणारे साधन मला मराठीत भेटले नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचा प्रयोग याच संदर्भात वाचला पाहिजे. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या अकरा वर्षांत ३ ते २५ वयाचे २०० रुग्ण घेतले. गाठी सौम्य किंवा मंदगती. चिठ्ठी टाकून निम्म्यांना नेहमीचे किरण, निम्म्यांना गाठीच्या आकाराला बेतून नेमके सोडलेले. मात्रा दोन्हीकडे तीच, ५४ ग्रे, ३० हप्ते. पाच वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा बुद्ध्यंक तपासले. नेमक्या किरणांच्या मुलांचे बुद्ध्यंक सरस राहिले, गाठींवरचा ताबा तसाच राहिला. २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त तो लेख आला. परळच्या त्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या लेखामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. दूरच्या गावचे मूल, उपचार संपलेला, तब्येत बरी, आणि तरी त्याला चाचणीसाठी पाच वर्षे परत आणायचे! युरोपीय प्रयोगाने जे गाळले तेच इथे मध्यभागी ठेवले आहे. माझी कुरकुर एवढीच की बुद्ध्यंक हे शाळेचे माप आहे. पोर शाळेत टिकले का, पुढे त्याला काम मिळाले का, हे मला त्याच हातांनी लिहिलेले वाचायला आवडेल.

साहित्यात काय आहे? माझा मूळ प्रांत तोच, आणि निराशा तिथेच जास्त झाली. जॉन गुंथर यांनी मुलाच्या आजारावर १९४९ मध्ये लिहिलेले ‘डेथ बी नॉट प्राउड’ अजून वाचले जाते. मुलगा सतराव्या वर्षी, १९४७ मध्ये गेला. क्ष-किरणांचे उपचार झाले होते. मरणाच्या थोडे आधी त्याने शाळा पूर्ण केली. बाप मुलाच्या बुद्धीचा शेवटपर्यंत पहारा करतो, ती शाबूत आहे याचे पुरावे गोळा करतो. पुस्तक थोर आहे ते त्या पहाऱ्यामुळे. टॉम लबक हा लंडनचा कलासमीक्षक. २००८ मध्ये त्याच्या मेंदूत, भाषेच्या भागाजवळ, जलद वाढणारी गाठ निघाली, आणि २०११ च्या जानेवारीत तो गेला. शब्द निसटत असताना त्याने लिहिलेले टिपण नंतर पुस्तक झाले. त्याची पत्नी मॅरिअन कूट्स हिने २०१४ मध्ये ‘द आइसबर्ग’ लिहिले. मला तिचे पुस्तक त्याच्यापेक्षा मोठे वाटते, कारण घरातल्या वेळेचे काय होते ते तिला दिसते.

पण ही सगळी मरणाची पुस्तके आहेत. आजार एका टोकाकडे धावतो आणि निवेदनाला आयता वेग मिळतो. किरणांचा उशिरा येणारा परिणाम सहा महिन्यांनंतर, बहुधा अनेक वर्षांनंतर, आणि जगलेल्यालाच होतो. गुंथरचा मुलगा तिथवर पोचलाच नाही. जो पोचतो त्याच्या गोष्टीला शेवट नाही, आणि ती लिहायला लागणारी चिकाटी, पानभर एक धागा धरून ठेवण्याची ताकद, नेमकी तीच त्याच्यातून गेलेली असते. डीअँजेलिस यांच्या बारा रुग्णांपैकी कोणी रोजनिशी ठेवली असती तर? आत्मचरित्रांनी श्रीमंत असलेल्या आपल्या भाषेतही हा ‘बरा झालेला’ माणूस अजून बोललेला नाही.

त्याच्याजवळ राहिलेल्यांनी लिहावे, तर अडचण अशी की आम्हाला नक्की काही सांगता येत नाही. दादा साठी ओलांडून गेला आहे. थोडे वयाचे, थोडे गोळ्यांचे, थोडे गाठीचे, थोडे शस्त्रक्रियेचे. त्यातला किरणांचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि तो काढून मी कोणाला जाब विचारणार आहे? किरण नसते तर तो आज असता का, याचे उत्तर क्लाइनकडे नाही, डाउकडे नाही. २०२३ मध्ये व्होरासिडेनिब या गोळीचा निकाल आला. जनुकात विशिष्ट बदल असलेल्या अशाच गाठींच्या ३३१ रुग्णांत तिने गाठ वाढण्याचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला. म्हणजे काहींना किरण पुढे ढकलता येतील. वहिनीने ती बातमी कापून ठेवली आहे. आमच्या उपयोगाची नाही, तरी ठेवली आहे.

घरी दिसते ते असे. शब्द त्याच्याजवळ आहेत. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकत नाही. पण परिच्छेदाच्या शेवटी आला की सुरुवात गेलेली असते. कादंबरी वाचणे त्याने २०१५ च्या आसपास बंद केले आणि त्याचे दुःखही केले नाही. मला त्याचेच जास्त वाईट वाटते. बाजारात तीन वस्तू आणायला गेला तर दोन आणतो, पिशवीकडे बघत उभा राहतो. बोलणारे दोघे झाले की गप्प होतो. पाहुण्यांना वाटते, दादा किती शांत झाला.

मी घरी बारा शब्दांची माझी यादी केली : चार भाज्या, चार झाडे, चार छापखान्यातली. वेळ लावला नाही. पहिल्या फेरीत त्याने पाच सांगितले, तिसऱ्या फेरीत सहा. चहा झाल्यावर पुन्हा विचारले तेव्हा तीन उरले होते, तिन्ही छापखान्यातले : खिळा, गॅली, शाई. भाज्या आणि झाडे यादीत होती हेच त्याला मान्य नव्हते. ‘‘तू म्हटलीच नाहीस,’’ तो म्हणाला, आणि माझ्याच वाचण्यात चूक झाली असणार म्हणून मला धीर दिला.

या लेखाचे पहिले टिपण मी त्याला वाचायला दिले होते, त्याच्याविषयी लिहिते आहे तर विचारले पाहिजे म्हणून. चार दिवसांनी त्याने एक पान परत दिले. समासात पेन्सिलीने तीन दुरुस्त्या, तिन्ही बरोबर. उरलेली पाने त्याच्या टेबलावर आहेत, वर चष्मा ठेवलेला. मागितली तर म्हणतो, ‘‘बघतोय, घाई करू नकोस.’’ संपादकांना मी तसे कळवले आहे.